मांडणीवरचा सहा शिंगांचा राऊटर

राग हा मनुष्याचा शत्रू आहे, असे ज्या पुस्तकात मी वाचले, त्या पुस्तकाच्या लेखकाच्या घरी राऊटर नसावा. असता, तर त्याने ते वाक्य दुसऱ्या आवृत्तीत निश्चित वगळले असते. मी कोरेगावच्या वाचनालयात एकतीस वर्षे शिपाई म्हणून सेवा केली. पुस्तके कपाटातून काढणे, पुसणे, परत ठेवणे आणि मधल्या वेळात वाचणे, एवढेच माझे खरे शिक्षण. त्यामुळे संयम, शांती व क्षमा या विषयांवरील पुष्कळ ग्रंथ माझ्या दृष्टीखालून गेलेले आहेत. पैकी एकाही ग्रंथात, पडद्यावर ते गोल चक्र फिरत असताना मनुष्याने काय करावे, याविषयी एक ओळदेखील नाही. त्या सर्व ग्रंथकारांवर माझा आजही राग आहे.

आमची एकुलती कन्या संयोगिता पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली आणि तिला मुलगी झाली. जावई जयराज फौजेत असून त्यांची तुकडी सीमेवर बर्फात होती. रजा मंजूर झाली आणि चौथ्या दिवशी नामंजूर झाली. तेव्हा ते खालच्या छावणीत उतरून तीन वेळा व्हिडिओ फोन करते झाले. पहिल्या वेळी त्यांना पाळण्याचा दोर दिसला. दुसऱ्या वेळी स्वतःच्या मुलीची एक टाच दिसली आणि तेथेच चित्र गोठले. ती टाच आपण नऊ मिनिटे पाहत बसलो होतो, असे त्यांनी मागाहून संदेश लिहून कळविले. तिसऱ्या वेळी त्यांना माझा चेहरा दिसला. त्याविषयी त्यांनी काहीही लिहिले नाही.

आवाज तर एकदाही पोचला नाही. ‘रडते कशी?’ असे त्यांनी लिहून विचारले होते. मी सुमारे साडेतीन हजार पुस्तके हाताळलेला मनुष्य. परंतु तान्ह्या मुलीचे रडणे लिहून कसे कळवावे, हे मला सुचले नाही.

अशात त्यांचा चौथा निरोप आला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी साडेअकरा ते बारा असा अर्धा तास मिळाला आहे. सोमवारी तुकडी वरच्या चौकीवर चढणार. तेथे फोन नाही. खाली येणे आता उन्हाळ्यातच. तरी बारसे त्या रविवारी करावे. मुलीचे नाव मी ठरविले आहे आणि ते मी फोनवर माझ्या बहिणीला सांगेन, ती आत्या या नात्याने बाळाच्या कानात सांगेल. संयोगितेने उलट लिहिले, की नाव आधी लिहून पाठवा, म्हणजे अडचण नको. जावयांनी उत्तर दिले, “लिहून रजेचा अर्ज पाठवतात. नाव तोंडानं सांगायचं असतं.”

हा निरोप कळताच आमचे व्याही, म्हणजे जयराजांचे वडील, निवृत्त सुभेदार गुंडाजीराव यांनी सांगलीहून मला फोन केला. सुभेदार फोनवर बोलत नाहीत, हुकूम देतात.

“पाव्हणं, रविवारी फोन लागला न्हाई तर आमची नात उन्हाळ्यापातूर बिननावाची ऱ्हायची. हे ध्यानात हाय न्हवं?”

“आहे,” मी म्हणालो.

“आमच्या सांगलीत बारसं असतं तर ही येळच आली नसती. आमच्याकडं नेट पळतंय.”

“आमच्याकडेही पळेल,” असे मी म्हणालो, आणि त्या दोन शब्दांनी माझ्या आयुष्यातील चार आठवडे जाळून टाकले.

आता आमच्या घराची रचना सांगणे अवश्य आहे. आमची आळी टेकडीच्या पोटाशी असल्यामुळे मोबाईलची रेंज येथे एकच काडी, तीही उंबऱ्याबाहेर उभे राहिल्यास. घरात सर्व भिस्त वायफायवर. पाळण्याची कडी माजघरात, आणि ओली बाळंतीण व तान्हे मूल मार्गशीर्षाच्या वाऱ्यात अंगणात नेण्यास माझ्या पत्नीचा, शालूबाईंचा, सक्त विरोध. सारांश, जे काय व्हायचे ते माजघरात व्हायचे.

आणि माजघरात आमची मांडणी आहे.

आमच्या भागात घराची अब्रू मांडणीवरून मोजतात. एका संपूर्ण भिंतीवर फळ्या ठोकून त्यांवर पितळेची व स्टीलची भांडी उंचीने रचायची. मागे पराती ढालींसारख्या उभ्या. त्यांच्यापुढे हंडे, हंड्यांवर कळश्या, कळश्यांवर तांबे. वरच्या फळीवर डबे. शालूबाईंच्या रुखवतापासून आजतागायत जमलेले एकशे त्रेसष्ट नग आमच्या मांडणीवर आहेत. संयोगितेच्या बघण्याच्या कार्यक्रमात सुभेदारांनी पोहे अर्धे टाकले, माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाठ करून बसले. परंतु मांडणीसमोर उभे राहून ‘वा!’ म्हणाले. त्या एका ‘वा’वर ते लग्न जमले, असे माझे मत आहे.

जेव्हा इंटरनेटची तार घरात आली आणि धनाजी, जो आमच्या आळीत नेट जोडून देण्याचे काम करतो, त्याने दिलेली ती काळी डबी कोठे ठेवावी असा प्रश्न निघाला, तेव्हा मी ती मांडणीच्या मधल्या फळीवर, दोन पितळी हंड्यांच्या मधोमध, परातीला टेकवून ठेवविली. नवीन वस्तू घरात आली की तिला मानाची जागा द्यावी, ही आमची रीत आहे. हंड्यांच्या फटीतून तिचा हिरवा दिवा समईसारखा लुकलुकत असे.

सुभेदारांच्या फोननंतर मी धनाजीला पाचारण केले.

“आण्णा, आदी ओटीपी सांगा,” तो दारातच म्हणाला.

“कसला ओटीपी?”

“तक्रार मिटल्याचा.”

“अरे, तू अजून घरात आलेला नाहीस!”

“येतोय की. पर चोवीस तासात तक्रार बंद न्हाई झाली तर माजं पैसं कापत्यात. तुमी नंबर सांगा, मग निवांत बगू.”

मी नंबर सांगितला. त्याच क्षणी मला संदेश आला, की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झालेले आहे. धनाजीने डबीचे बटण बंद केले, चालू केले, आणि मांडणीकडे आदराने पाहत म्हणाला, “डबी बारकी हाय, आण्णा. हिला दोनच शिंगं. जरा उच्चीतला राऊटर घ्या. साताऱ्यात सहा शिंगांचा मिळतोय.”

कंपनीच्या हेल्पलाईनला मी स्वतंत्रपणे फोन केला. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असे एका बाईने मला सतरा वेळा सांगितले. इतका महत्त्वाचा असूनही त्याला उत्तर देण्यास त्या कार्यालयात एकही जिवंत मनुष्य मोकळा नव्हता. शेवटी एक लाभला. त्याने माझी जुनी तक्रार पाहिली आणि ती मिटली असल्याबद्दल माझे अभिनंदन केले.

मी उंबऱ्याबाहेर फोन ठेवून वळलो तो भिंतीपलीकडून बिराप्पा डोकावत होता. बिराप्पा मूळचा जतकडचा. हयात मेंढरांमागे काढली आणि आता आमच्या शेजारी घर बांधून वीस-पंचवीस मेंढ्या राखून आहे. मी न विचारता सल्ला देणे हा त्याचा जोडधंदा आहे.

“काय झालं, आण्णा? लय वरडत हुता.”

मी शक्य तितक्या सोप्या भाषेत त्याला वायफायच्या लहरींची संकल्पना समजावून सांगितली.

त्याने तंबाखू मळली. म्हणाला, “म्हंजे हाक मारल्यागत हाय म्हना की.”

“साधारणतः.”

“मग आण्णा, हाक टेकावर हुबं ऱ्हाऊन मारावी. दरीत बसून कितीबी बोंबला, मेंढरू कान हलवत न्हाई. तुमची ती डबी बसलीया कुटं?”

“बिराप्पा,” मी म्हणालो, “हे विज्ञान आहे. मेंढरे नव्हेत.”

“ऱ्हायलं,” तो म्हणाला आणि गेला. हे संभाषण मी मुद्दाम येथे नोंदविले आहे. कारण ते आठवून मला पुढे अनेकदा स्वतःचेच कान धरावेसे वाटले.

साताऱ्याच्या दुकानात राऊटर काचेच्या कपाटात मांडलेले होते. दोन शिंगांचे, चार शिंगांचे, आणि सर्वांत वर, एकटा, उलट्या पडलेल्या काळ्या खेकड्यासारखा तो सहा शिंगांचा. मी दुकानदारास त्यांतील भेद विचारला. त्याने अर्धा तास जे भाषण केले त्यातील क्रियापदे तेवढी मराठी होती. शेवटी त्याने विचारले, “काका, घर किती मोठं?”

“तीन खोल्या.”

“मग चार अँटेनाचा भरपूर झाला.”

येथे मी शांतपणे ‘बरे’ म्हणून चारवाला घ्यावयास हवा होता. परंतु तेवढ्यात सुभेदारांचा फोन आला आणि त्यांनी विचारले, “घेतला का? आमच्याकडं चार अँटेनाचा हाय.”

मी सहा शिंगांचा घेतला.

तो घरी आणून मी मांडणीच्या मधल्या फळीवर, जुन्या डबीच्या डोक्यावर बसविला. त्याची शिंगे मावेनात म्हणून हंडे आणखी जवळ सरकविले आणि पुढे एक कळशी लावली, म्हणजे तो पडू नये. धनाजी त्याची तार डबीला जोडून आणि नवा ओटीपी घेऊन गेला. संयोगितेने खोलीतून फोन लावून पाहिला. चक्र फिरू लागले. पूर्वी ते चक्र काळे होते. आता निळे फिरत होते. मूल्यवान वस्तूमुळे झालेला तेवढाच फरक.

दुकानदार म्हणाला, वस्तू परत घेतली जाणार नाही. दोष असल्यास कंपनीचे दुरुस्ती केंद्र सांगलीस आहे. मूळ खोके आणावे. खोके! खोक्यात शालूबाईंनी बाळंतशेपा भरून ठेवली होती.

“आवं, इतकं घट्ट झाकनाचं खोकं. मुंग्या लागत न्हाईत,” त्या म्हणाल्या.

मी शेपा रिती केली, राऊटर भरला आणि रेल्वेने सांगलीस गेलो. तेथे जाण्याचे गुपित राखावे असा माझा निश्चय होता. परंतु संयोगितेने सासरी कळविले असावे. कारण सांगलीच्या फलाटावर सुभेदार गुंडाजीराव छातीवर हात बांधून उभे होते.

दुरुस्ती केंद्रात चाळीस माणसे टोकन घेऊन बसली होती. माझे टोकन अडतिसावे. सुभेदारांनी त्या दोन तासांत मला तीन युद्धसरावांची हकिगत सांगितली, आणि तिन्हींत बिनतारी संदेशयंत्र एकदाही बंद पडले नव्हते. अखेर काउंटरवरील अंकिता नावाच्या मुलीने माझे खोके उघडले, वास घेतला, आणि माझ्याकडे पाहिले.

“बाळंतशेपा आहे,” मी म्हणालो. “होती.”

तिने राऊटर उघड्या टेबलावर ठेवून तार लावली. सहाही शिंगे उभी केली. आणि तो अधम यंत्रराज असा धावू लागला, की सुभेदारांनी आपल्या मोबाईलवर कुस्तीची एक अख्खी लढत चितपट होईपर्यंत पाहिली. चित्र एकदाही थांबले नाही. केंद्रातली सर्व माणसे माझ्याकडे पाहत होती.

“राऊटर एकदम ओके आहे, काका,” ती म्हणाली. “घरात कुठं ठेवलाय?”

“घरातल्या सर्वांत मानाच्या जागी,” मी म्हणालो.

तिने अर्जावर ‘जागा : योग्य’ असे लिहिले आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर सुभेदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “यंत्र ओके हाय, पाव्हणं. मग खोट कशात हाय? घरात.” ते घराविषयी बोलत होते की घराण्याविषयी, हे त्यांच्या मुद्रेवरून कळेना. कोरेगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो आणि एकही ऊस मला सरळ उभा दिसला नाही.

पुढचे दहा दिवस मी हेल्पलाईनशी भांडलो. सोळा तक्रारी नोंदविल्या. सोळाही समाधानकारकपणे मिटल्या. आळीतल्या एकाने राऊटर पूर्वाभिमुख करण्यास सुचविले, एकाने घरातला फ्रिज बंद ठेवण्यास. मी दोन्ही केले. दूध नासले.

परंतु बारशाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, चमत्कार घडला. मी हेल्पलाईनवरील एका अधिकाऱ्यास अत्यंत कठोर शब्दांत समज देऊन नुकताच फोन ठेवला होता, तोच माजघरातून संयोगितेचे हसणे ऐकू आले. ती पुण्याच्या मैत्रिणीशी व्हिडिओवर बोलत होती! अखंड! अर्धा तास! मी धावत जाऊन पाहिले. मैत्रिणीच्या कानातले डूलसुद्धा स्पष्ट हलत होते.

“पाहिलेस?” मी शालूबाईंना परसात जाऊन सांगितले. “शब्दाला धार असली म्हणजे यंत्रणा हलते.”

शालूबाई आणि चार बायका चिंचेने भांडी घासत होत्या. पाहुण्यांपुढे मांडणी झळकावी म्हणून सगळे एकशे त्रेसष्ट नग परसात उतरविलेले होते. शालूबाईंनी काही म्हणण्यासाठी तोंड उघडले; पण मी सुभेदारांना ही बातमी देण्यास घाईने अंगणात निघून गेलो. उंबऱ्याबाहेर उभा राहून, एका काडीवर, मी त्यांना सांगितले, की उद्या आपण निश्चिंत यावे. तिन्हीसांजेला भांडी पुन्हा मांडणीवर चढली. मी स्वतः हंडे लावले.

रविवारी सकाळी दहापासून मंडळी जमली. सुभेदार कडक इस्त्रीचा कोट घालून आले. आत्या राजनंदिनी नवे लुगडे नेसून पाळण्याजवळ बसली. घुगऱ्या शिजल्या. धनाजीला मी सहकुटुंब आमंत्रण दिले होते, म्हणजे ऐनवेळी तो निसटू नये. बिराप्पा दारातल्या खांबाला टेकून उभा. मांडणी सूर्यासारखी तळपत होती, आणि सुभेदार तिच्यासमोर थांबून पुन्हा एकदा ‘वा!’ म्हणाले. माझी छाती दोन बोटे वर आली.

साडेअकराला संयोगितेचा फोन वाजला. तिने बोट लावले. चक्र फिरू लागले.

अकरा पस्तीस. चक्र. बायकांनी पाळणा म्हणायला घेतला होता. तो त्यांनी मध्येच सोडला. फोन तुटला. पुन्हा वाजला. पुन्हा चक्र. एकदा जावयांची फौजी टोपी दिसली, टोपीखाली काहीच नाही, आणि ती टोपी तशीच गोठली.

“धनाजी!” मी गरजलो.

धनाजीने राऊटर बंद केला, चालू केला. “आण्णा, मागनं काय प्रॉब्लेम असंल.”

“मागून म्हणजे कोठून?”

“मुंबयनं.”

सुभेदारांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. ते काही बोलले नाहीत, आणि त्यांनी काही बोलावे यासाठी मी प्रथमच आतुर झालो. अकरा एक्केचाळीस. राजनंदिनी म्हणाली, “दादा उद्या वर चढनार. मग?” तिच्या डोळ्यांत पाणी होते.

तेव्हा शालूबाई चुलीकडून, हातातली पळी तशीच धरून, म्हणाल्या, “आवं, काल भांडी परसात हुती, तवा लागलं हुतं.”

सगळ्यांच्या माना मांडणीकडे वळल्या.

दारातून बिराप्पा म्हणाला, “मी तवाच म्हनलं हुतं आण्णांस्नी. हाक दरीत बसलीया. म्होरं हंडं, मागं परात. सांगाय गेलो तर म्हनले, मेंढरं न्हवंत.”

वाचकहो, सत्य सांगतो. त्या क्षणी मला सगळे कळले, आणि कळले म्हणूनच माझा संताप शिगेला पोचला. चार आठवडे मी ज्यांना शिव्याशाप दिले ते सर्व लोक निर्दोष ठरण्याच्या बेतात होते. मी मांडणीपुढे दोन्ही हात पसरून उभा राहिलो. “मांडणीला हात लावायचा नाही! घरात पाहुणे बसले आहेत! असले अशास्त्रीय...”

“आबा,” संयोगिता म्हणाली. ती ओरडली नाही. “ऱ्हाऊ द्या तुमची मांडणी. माझ्या लेकीला बाप न्हाई दिसला तरी चालंल. पाव्हण्यांस्नी हंडं दिसलं, बास झालं.”

हे वाक्य कोणत्याही पुस्तकात नाही. असते तर मी ते पान एकतीस वर्षांपूर्वीच फाडले असते.

मी वळलो आणि डाव्या हाताचा मोठा हंडा उचलून दारातून अंगणात भिरकावला.

त्याचा आवाज विरण्यापूर्वीच सुभेदारांचा कोट अंगावरून उतरलेला होता. “कतार!” ते गरजले. “एक के पीछे एक! माजघर ते परस! चलो!” आणि जमलेली पन्नास माणसे, ज्यांतील निम्मी घुगऱ्या खात होती, एका ओळीत उभी राहिली. मी फळीवरून काढायचे, सुभेदारांनी झेलायचे, त्यांनी धनाजीला, धनाजीने बिराप्पाला, बिराप्पाने बायकांना. कळश्या गेल्या, तांबे गेले, डबे गेले. “जल्दी! जल्दी!” सुभेदार ओरडत होते. मी दात खाऊन एकेक नग उपटत होतो आणि प्रत्येक नगागणिक कोणालातरी दूषण देत होतो: ही घागर हेल्पलाईनची, हे घंगाळ दुकानदाराचे, हा डबा त्या ‘जागा : योग्य’चा. राऊटरपुढच्या कळशीला मात्र नाव देण्यास कोणी उरले नाही. ती मी स्वतःच्या नावाने दिली.

घाईत मागची मोठी परात निसटली. ती ठाण्‌कन सहा शिंगांच्या राऊटरवर उतरली. त्याची चार शिंगे जागीच मोडली, तार तुटली, आणि तो उच्च प्रतीचा यंत्रराज फळीवरून खाली आपटून कायमचा निवला.

“गेलं,” धनाजी म्हणाला.

अकरा सत्तेचाळीस. माझ्या हातात ती परात होती. सर्वजण रिकाम्या भिंतीकडे पाहत होते. त्या ओक्याबोक्या फळीवर आता फक्त एकच वस्तू उरली होती: ती जुनी, काळी, दोन शिंगांची, धनाजीने फुकट दिलेली डबी. तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

फोन वाजला. फोनने आपण होऊन त्या डबीचा हात धरला असावा. चक्र फिरले नाही. पडद्यावर जयराज होते. बर्फाने रापलेला चेहरा, तोंडातून वाफ निघताना दिसत होती. आणि त्यांना प्रथम दिसला तो त्यांचा सासरा, घामाने निथळणारा, परात छातीशी धरून उभा.

“मामा,” ते म्हणाले, “काय भांडण झालं काय?”

याचे उत्तर पाळण्यातून आले. त्या सर्व दणदणाटाने कन्या जागी झाली होती आणि तिने जे भोकाड पसरले, ते थेट टेकडीपर्यंत गेले असेल. शालूबाई तिला उचलायला धावल्या. राजनंदिनी झोके देऊ लागली. मीही ‘उगी, उगी’ म्हणू लागलो.

“मामा, थांबवू नगा,” जयराज म्हणाले. “रडू दे.”

सगळे थांबले. संयोगितेने फोन पाळण्याजवळ नेला. मुलगी मुठी आवळून, लालबुंद होऊन रडत होती, आणि पडद्यावरचा तो मनुष्य ऐकत होता. तेरा मिनिटे उरली होती. त्यांतली चांगली तीन त्याने त्या रडण्यावर खर्च केली. सुभेदार अंगणाकडे तोंड करून उभे राहिले आणि कोट शोधू लागले. कोट त्यांच्या समोरच पडलेला होता.

मग जयराजांनी बहिणीला जवळ बोलाविले. राजनंदिनीने फोन कानाला लावला, ऐकले, वाकून मुलीच्या कानात सांगितले, आणि रिवाजाप्रमाणे सगळ्या बायकांनी तिच्या पाठीत मनसोक्त बुक्क्या घातल्या. नाव ‘प्रांजल’. मी मनात एक सात अक्षरी नाव योजून ठेवले होते, ते मनातच राहिले. हे बरे आहे. स्वच्छ आहे. मध्ये काही आड येत नाही.

बाराला फोन बंद झाला. परसात आणि अंगणात मिळून एकशे त्रेसष्ट नग उन्हात पडले होते, त्यांतील नऊंना पोचे. सुभेदार निघताना म्हणाले, “पाव्हणं, मांडणी चांगली हायच. पर फौज बी चांगली उभी केली.” एवढे बोलून त्यांनी घुगऱ्या दुसऱ्यांदा मागितल्या. याला मी माफीनामा समजतो.

या गोष्टीस आता दोन महिने झाले. भांडी पुन्हा मांडणीवर आहेत. डबी दारावरच्या खिळ्याला टांगली आहे, तोरणाशेजारी, उघडी, कसलाही मान नसलेली. आणि इंटरनेट दिवसरात्र असे धावते, की बिराप्पासुद्धा भिंतीपलीकडून त्यावर मेंढ्यांच्या बाजाराचे व्हिडिओ पाहतो. मोबदल्यात मला ‘टेकावरून हाक’ हा विषय दररोज ऐकवतो. रेंजच्या सर्व काड्या भरलेल्या आहेत, आणि ज्याला फोन लावायचा तो मनुष्य बर्फात, उन्हाळ्यापर्यंत, फोनविना आहे. यावर रागवावे तरी कोणावर, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. म्हणून मी सर्वांवर रागावलेला असतो.

कंपनीचा काल संदेश आला, की आपण आमच्या सेवेस पाचपैकी किती तारे द्याल. मी उत्तर दिलेले नाही. माझे हात रिकामे नसतात. कारण प्रांजल, जिचे नाव भांड्यांच्या दणदणाटात ठेवले गेले, ती आता अंगाईने झोपत नाही. शालूबाईंनी ओव्या म्हणून पाहिल्या. मी माझ्या आवाजात एका चांगल्या ग्रंथाचे पहिले प्रकरण वाचून पाहिले. तिने रडूनच उत्तर दिले. तिला ती मोठी, पोचे पडलेली परात लागते. दुपारी जेवणे झाली, की एक वाचनालयात आयुष्य घालविलेला मनुष्य पाळण्याशेजारी उभा राहून परात बडवितो, आणि ग्रहणात भांडी बडविण्याची रीत आठवून आळीतली माणसे दारातून विचारतात, “आण्णा, गिराण लागलंय व्हय?”

मी बडवीत राहतो. उन्हाळ्यात जावई खाली उतरतील, घरी येतील, मुलीला पाहतील. त्यांना काय बोलायचे ते बोलून होऊ देईन. मग ती परात त्यांच्या हातात देईन, आणि वाचनालयात जाऊन बसेन.